सत्कार झालेला आजार

गड्डम सर आभार मानायला उभे राहिले की खुर्च्या गोळा करायला निघालेला आमचा शिपाई हातातली खुर्ची खाली ठेवून तिच्यावरच बसून घ्यायचा. इतर ठिकाणी आभारप्रदर्शन ही कार्यक्रम संपल्याची खूण असते. आमच्या शाळेत तो कार्यक्रमाचा उत्तरार्ध होता. सर प्रमुख पाहुण्यांचे आभार मानत, पाहुण्यांना घरातून सोडल्याबद्दल त्यांच्या पत्नीचे मानत, मांडववाल्याचे मानत, आणि सतरंज्या देणाऱ्या देवस्थानाचे मानताना त्या देवस्थानाचा थोडा इतिहासही सांगत. एकदा ऐन मध्यावर वीज गेली. माइक बंद पडला, लोक आशेने अर्धवट उठले, आणि अंधारातून आधीपेक्षा मोठा आवाज आला, "वीज मंडळाचेही आपण आभार मानू या. अंधारात चित्त विचलित होत नाही." लोक परत बसले.

मी त्या शाळेत इतिहास शिकवायचो आणि सरांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायचो. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. चारी बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट. खिडक्या लावल्या तर मुलं उकडून निघायची, उघडल्या तर शिक्षक ऐकू यायचा नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांना खिडक्या उघड्या असलेल्याच सोयीच्या वाटायच्या. मुख्याध्यापक असूनही रोज दोन तास घेणाऱ्या गड्डम सरांना मात्र खिडकीची अडचण कधी आली नाही. ते विणकराच्याच घरात वाढलेले. त्यांच्या लहानपणी माग आणि चूल एकाच खोलीत होते, आणि जेवायला हाक मारायची तरी मागाच्या वर आवाज काढावा लागायचा. त्या घरातल्या सगळ्यांचाच आवाज तसा होता. इतरांनी तो घरात वापरला, सरांनी तो समाजाला दिला.

घरी ते तेलुगू बोलायचे. बाहेर त्यांची मराठी इतकी शुद्ध असायची की जन्माने मराठी असलेल्या आम्हा शिक्षकांना त्यांच्यासमोर आपण परप्रांतातून आल्यासारखं वाटे. माइकला ते ध्वनिवर्धक म्हणायचे आणि तो दुबळ्यांसाठी असतो असं मानायचे. सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट. मुलांना वाटायचं, कोट काढला तर आवाज बाहेर सांडेल.

सत्कार घ्यायला त्यांना आवडे, हे सांगितलंच पाहिजे. आमच्या संस्थेचे अध्यक्ष चादरींच्या कारखान्याचे मालक होते आणि सगळं गाव त्यांना मालक म्हणूनच हाक मारायचं. त्यामुळे सत्काराला चादर ठरलेली. ती चादर कारखान्यातल्या बाजूला काढलेल्या मालातली असायची, तिच्यात कुठेतरी एखादा धागा चुकलेला असायचा. खांद्यावर चादर पडली की सर समोर बघत गंभीरपणे स्तुती ऐकत, आणि त्यांचा अंगठा कापडावरून हळूहळू फिरत राही. मग एका जागी थांबे. चूक सापडलेली असे. चेहऱ्यावर काही दिसत नसे. आभार मानताना ते या चादरीला "आपल्या नगरीच्या निर्दोष कलेचं प्रतीक" म्हणायचे.

कोटाची गळ्याजवळची गुंडी लागेना, तेव्हा सरांच्या गळ्यातली गाठ लक्षात आली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ती आधीच लक्षात आली होती. सरांचं म्हणणं, आयुष्यभर कंठाचा व्यायाम झाल्यावर कंठ भरदार होणारच. लक्ष्मीबाई त्यांना डॉक्टर बिराजदारांकडे घेऊन गेल्या. अक्कलकोटच्या बाजूचा हा माणूस, घरी कानडी बोलणारा. मराठीत त्याला मोजकीच वाक्यं यायची की त्याला तेवढीच पुरायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी गळा चाचपला, थायरॉईडची गाठ आहे म्हणाले, उजव्या बाजूचा बराच भाग काढला आणि गाठ बाटलीत घालून तपासायला मुंबईला पाठवली. रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणाले.

आमच्या गावाला दोन-तीन आठवडे दम कुठला. टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. फळ्यावर चित्रकलेच्या सरांनी रंगीत खडूने 'पुनर्जन्म सोहळा' असं लिहिलं आणि खाली कमळ काढलं. मालक सरांच्या इच्छाशक्तीवर बोलले. त्यांच्या भाषणात डॉक्टर, औषध, सुरी यांचा उल्लेखच नव्हता. गाठ सरांच्या चारित्र्याला घाबरून निघून गेली, असा एकंदर आशय होता. डॉक्टर बिराजदारांनाही चादर घातली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले. "ऑपरेशन झालंय. गाठीचा रिपोर्ट यायचाय. तो आल्यावर काय ते बोलू." आणि बसले. मालकांना हा विनय वाटला, त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

मग सर उभे राहिले. गळ्यावर अजून पट्टी होती, पण आवाज तोच. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. शेवटी, आपल्याला या वयात नम्रता शिकवून गेलेल्या त्या गाठीचेही मानले. लक्ष्मीबाईंची नारळाने ओटी भरली गेली. डॉक्टर मधेच घड्याळ बघून निघून गेले. त्यांचे आभार त्यांच्या पाठीला मानण्यात आले.

रिपोर्ट आला, त्यात कर्करोग निघाला.

डॉक्टरांकडे जाताना सरांनी मला बरोबर नेलं, कारण असा प्रसंग ऐकायला कोणीतरी असावं असं त्यांना वाटलं असावं. लक्ष्मीबाई होत्याच. डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यात उरलेलं सगळं काढावं लागणार. डावी बाजू आणि उजवीकडे आवाजाच्या नसेजवळ ठेवलेला थोडा भागही.

सर म्हणाले, "उद्या दाखल होतो. दिवाळीच्या आत मोकळे होऊ."

"आता न्हाई. रिपोर्ट आठवड्याच्या आत आला असता तर लगेच उघडलं असतं. आता तीन महिने थांबायचं."

"डॉक्टर, हा कर्करोग आहे. तो थांबेल का?"

"ह्या जातीचा थांबतोय. लई सावकाश असतोय त्यो. तुमच्या भाषणागत. संपायची घाई न्हाई त्याला."

लक्ष्मीबाईंनी हसू दाबलं. मग डॉक्टर नेहमीपेक्षा जास्त बोलले. एकदा उघडलेला गळा आत भरून येताना सगळं एकमेकाला चिकटतं. आवाजाची नस सुतासारखी बारीक. आत्ता हात घातला तर नस कोणती आणि चिकटलेलं कोणतं, ते दिसणार नाही. नंतरही धोका आहेच, दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा जास्तच असतो. एक नस गेली तर आवाज बसेल. दोन्ही गेल्या तर श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागेल. शिवाय तिथेच डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या दुखावल्या तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि हातपाय वळतात.

सर मग लक्ष्मीबाईंकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलले. त्यांना काय सांगितलंत, असं डॉक्टरांनी विचारलं.

"पाजणीचं," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून मागावरचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "ताण्याला खळ लावतात. ती ओली असते तोवर धागे सुटे करता येतात. पूर्ण वाळल्यावरही येतात. अर्धवट वाळलेली असताना ओढले की तुटतात."

"मग मी एवढा वेळ काय सांगतोय?" डॉक्टर म्हणाले.

घरी येताना मला वाटलं, आता आवाजाचं बोलतील, किंवा मरणाचं. बोळाच्या तोंडाशी ते थांबले आणि म्हणाले, "त्या सत्काराचं काय करायचं?"

त्यांची अडचण खरीच होती. गावाने त्यांना बरं केलं होतं. वर्तमानपत्रात फोटो आला होता, त्यात खाली 'दुर्धर आजारावर मात' असं छापलं होतं. असा माणूस परत आजारी पडला तर तो मालकांचा अपमान, संस्थेचा अपमान, आणि त्या कमळाचाही.

"काय व्हायचंय सत्काराचं?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "चादरी हायत की घरात. पांघरून बसा."

त्या तीन महिन्यांत कुणाला काही सांगायचं नाही असं सरांनी ठरवलं, आणि मग जे झालं ते केवळ आमच्याकडेच होऊ शकतं. आजाराला जिंकलेला मुख्याध्यापक ही बातमी जिल्ह्यात पसरली होती. माढ्याहून बोलावणं आलं, टेंभुर्णीहून आलं. विषय: 'मी आजारावर मात कशी केली'. सर गेले. गळ्यात कर्करोग घेऊन एसटीने गेले आणि मनोबलावर बोलून, चादर किंवा टॉवेल-टोपी घेऊन परत आले. टेंभुर्णीला मी त्यांच्याबरोबर होतो. एका म्हाताऱ्याने पुढे येऊन त्यांच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "माज्या लेकीच्या गळ्यालाबी गाठ हाय. मन घट केलं तर जाती का?" सरांनी मग त्याला बाजूला नेऊन बिराजदारांचा पत्ता सांगितला, दोनदा सांगितला. पुढच्या आठवड्यात मात्र माढ्याला गेले.

तीन महिने संपले. डॉक्टरांनी निरोप पाठवला. सहामाही परीक्षा आहे, सरांनी कळवलं. पुन्हा निरोप. आता तपासणीस येणार आहेत. पुन्हा निरोप. आता स्नेहसंमेलन. लक्ष्मीबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांना मरायला वेळ न्हाई ओ, कार्यक्रम लई हायत." हा विनोद होता की काय, ते माझ्या बायकोला कळलं नाही, म्हणून तिने तो मला सांगितला.

स्नेहसंमेलन जानेवारीत झालं. त्यात मालकांना पुन्हा एकदा सरांच्या विजयाची आठवण झाली आणि उभयतांचा सत्कार ठरला. सरांना चादर घातली. त्यांचा अंगठा फिरायला लागला. मग लक्ष्मीबाईंना व्यासपीठावर बोलावलं. मालकांच्या पत्नी त्यांच्या ओटीत नारळ घालायला वाकल्या, तसा लक्ष्मीबाईंनी पदर मागे घेतला.

"रिपोर्ट कवाच आलाय," त्या म्हणाल्या. "क्यान्सर हाय. अजून कापायचंय, म्हणून हे सारखं पुढं ढकलायलेत. नारळ परत ठेवा."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण त्याही मागाच्या घरात नांदलेल्या होत्या, आणि समोर माइक होता. शेवटच्या सतरंजीवरच्या मुलापर्यंत ते गेलं. मालकांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत पाहिलं. तिच्यात पुढे काय करायचं ते लिहिलेलं होतं: आभार. सरांनी खांद्यावरची चादर काढली, नीट घडी केली, मालकांच्या खुर्चीवर ठेवली आणि लक्ष्मीबाईंच्या मागोमाग व्यासपीठावरून उतरले. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच आभार राहून गेले. शिपायाने खुर्च्या उचलायला सुरुवात केली.

ऑपरेशनच्या आधी घशात आरसा घालून दोन्ही स्वरतंतू हलतात का ते बघतात. बघणाऱ्या डॉक्टरांनी 'ई' म्हणायला सांगितलं. सरांनी अशी 'ई' काढली की बाहेर बाकावर बसलेले लोक उठून उभे राहिले. दोन्ही हलत होते. पहिल्या खेपेची, म्हणजे उजवी, नस शाबूत होती. या खेपेचं काय ते आत गेल्यावर, असं बिराजदार म्हणाले.

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी सर मला म्हणाले, "चला, राजय्याकडे जाऊन येऊ." राजय्या त्यांचा धाकटा भाऊ. वडिलांच्या जागेत त्याचे चार यंत्रमाग होते. पत्र्याची ती शेड, चारही माग चालू, मला माझा श्वास ऐकू येत नव्हता. राजय्या पार पलीकडच्या टोकाला पाठमोरा उभा होता. सर दाराशी उभे राहिले, कोटाची वरची गुंडी काढली आणि हाक मारल्यासारखं एकच वाक्य बोलले. चारी मागांच्या वरून ते पलीकडे गेलं. राजय्याने वळून मान हलवली आणि परत कामाला लागला. सरांनी गुंडी लावली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत? मला वाटलं, घरातलं काही महत्त्वाचं असेल.

"जेवलास का, असं विचारलं," सर म्हणाले. त्यांचं एवढं आटोपशीर भाषण मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

ऑपरेशन लांबलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. डावी नस वाचली, म्हणाले. उजवी उरलेल्या गाठीतच अडकली होती. सोडवता आली नाही, जाऊ द्यावी लागली. गाठ मात्र सगळी निघाली.

"तीन महिने झाले तवाच केलं असतं तर?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "सुटली असती किंवा नसती. सांगता येत न्हाई. पण पहिल्या खेपेला बघितली तवा ती अडकली नव्हती."

लक्ष्मीबाईंनी हे सरांना सांगितलं. दडवून ठेवायचं त्यांना सुचलंच नसावं.

दोन दिवसांनी सरांच्या ओठांना मुंग्या आल्या आणि उजव्या हाताची बोटं आपोआप जवळ येऊन ताठली, अगदी खडू धरल्यासारखी. नर्स घाबरली. बिराजदारांनी हळूहळू कॅल्शियम टोचलं, तशी बोटं सैल पडली. सर हाताकडे बघत होते. त्यांनी काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला. वारा फटीतून यावा तसा आवाज होता. "फळा कुठे आहे?" ते विचारत होते.

ते शाळेत परत आले. मुख्याध्यापकांचा आवाज गेल्यावर मुलं कान देऊन ऐकायला लागली, असं मालक पुढे अनेक भाषणांत सांगायचे. खोटं आहे. मुलं मनसोक्त दंगा करायची. सर प्रार्थनेला ओट्यावर उभे राहून ते बघायचे आणि कंटाळा आला की आत जायचे. राजय्याकडे ते पुन्हा गेले तेव्हाही मी बरोबर होतो. ते दाराशी उभे राहून बोलले, पण काहीच पलीकडे गेलं नाही. राजय्याने त्यांचे ओठ हलताना पाहिले आणि एकेक करत चारही माग बंद केले. वीज जात नाही तोवर पूर्व भागात माग बंद होत नाहीत. शेजारच्या शेडमधला माणूस काय झालं म्हणून डोकावून गेला. त्या शांततेत सरांनी विचारलं. राजय्या म्हणाला, जेवलो. मग त्याने माग सुरू केले.

आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. मी ते चहा निवायच्या आत उरकत असे. सर पुढच्या रांगेत बसत आणि मी उतरलो की म्हणत, "मांडववाला राहिला."

त्यांना एक नवं वाक्यही सापडलं होतं. कुठेही काही झालं, हार-तुरे दिसले, की ते शेजारच्याच्या कानाशी वाकून विचारायचे, "रिपोर्ट आला का?" नव्या नळयोजनेचं उद्घाटन झालं, पुढारी तोटी फिरवून हसत फोटोसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांनी हे मला विचारलं. नळाला पाणी आलं नव्हतं. शाळेच्या नव्या इमारतीची कोनशिला बसली तेव्हा विचारलं. इमारत अजून व्हायची आहे. बिराजदारांच्या दवाखान्यात तपासणीला गेले आणि कुणी नातेवाईक पेढे वाटताना दिसले, तर त्यांनाही विचारायचे. पण पेढा घ्यायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सोलापूर स्टेशनवर, एप्रिलमध्ये. गाठ कुठे परत उगवली आहे का, हे बघण्यासाठी त्यांना मुंबईला जावं लागे. त्याआधी काही आठवडे थायरॉईडच्या गोळ्या बंद ठेवायच्या असत, आणि त्या बंद झाल्या की माणसाला थंडी वाजते, चेहरा सुजतो, हालचाल मंदावते. फलाटावर आम्ही सगळे घामाने निथळत होतो. सर खिडकीशी स्वेटर घालून, वर चादर पांघरून बसले होते. सत्कारातली होती. इतक्या वर्षांत त्यातली एक तरी उपयोगी पडली. शेजारी लक्ष्मीबाई वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. त्या खेपेचा रिपोर्ट चांगला आला, हे मला पुढे दुसऱ्या गावी नोकरीला गेल्यावर कळलं. त्या संध्याकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं.

मालक हार घेऊन आले होते. बरोबर शाळेची काही मंडळी होती. कुणीतरी 'यशस्वी होऊन या' असंही म्हणालं. हार खिडकीच्या गजांतून आत जाईना, तेव्हा तो गजांवरच अडकवला. मालकांनी छोटंसं भाषण केलं. सर ऐकत होते, आणि चादरीखाली त्यांचा अंगठा फिरत असलेला मला दिसत होता. तो थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गाडीने शिट्टी दिली. सर खिडकीशी वाकून काहीतरी म्हणाले. फलाटावरच्या गोंगाटात मला काही ऐकू आलं नाही, पण गेली दोन वर्षं मी त्या ओठांकडे बघूनच ऐकत आलो होतो. रिपोर्ट येऊ द्या, असं ते म्हणत होते.

गाडी हलली. मालक माझ्या जवळ आले.

"काय म्हणाले सर?"

"आभार मानले."

मालक निघालेल्या गाडीकडे बघत राहिले. त्यांना ते पटलं नव्हतं.

"एवढ्यात?" ते म्हणाले.